परत मागितलेली झडती

उकंडाजी कशालाही चांगलं म्हणायला तीन हंगाम घेत. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा. आमच्या गावाला पहिल्यांदा बस सुरू झाली तेव्हा अख्खं गाव हार-नारळ घेऊन धावलं. ड्रायव्हरला टोपी घातली, कंडक्टरला उपरणं दिलं, बसच्या नाकाला हळदीकुंकू लावलं. आणि हे गृहस्थ मारुतीच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. कोणीतरी ओरडलं, "आबाजी, बस आली, बस!" तर म्हणाले, "आली ते दिसून राह्यलं बाप्पा. चिखलात येते का ते पाहू." सगळे हसले. पुढे श्रावणात ती बस फाट्यावरूनच तोंड फिरवायला लागली आणि आम्ही पोरं दप्तरं डोक्यावर धरून चिखल तुडवत घरी यायला लागलो, तेव्हा त्या हसणाऱ्यांपैकी एकानेही जाऊन त्यांना 'तुमचं खरं होतं' असं सांगितलं नाही. आपलं चुकलं असं म्हणायची आमच्या गावाला सवयच नाही. ती एकट्या त्यांना होती, आणि म्हणून तर मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे.

त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्याबरोबर त्यांच्या आजीने यांना उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा, म्हणजे दृष्ट लागायला नको. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, पलीकडच्या मराठी मुलखात आणि अलीकडे आमच्या तेलुगू राज्यातही, अशी नावं पुष्कळ आहेत. "मले कोनाची नजर लागत नाही, म्हून मीच साऱ्याइले नजर लावतो," असं ते म्हणत. अंगाने काटकुळे, एका पायाने जरा फेंगडे, आणि आवाज असा की मारुतीपाशी बोलले तर वरच्या मोहल्ल्यातल्या म्हशी कान टवकारत.

हा आवाज कामाला यायचा तो पोळ्याला. पोळ्याला आमच्याकडे बैल सजवून आंब्याच्या तोरणाखाली नेतात, आणि तोरण तोडून बैल पुढे सोडण्याआधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचं कवन. एकाने म्हणायचं आणि शेवटी सगळ्यांनी 'हर बोला हर हर महादेव' करून दणका द्यायचा. त्यात देव असतो, बैल असतो, सासू-सुनेची चेष्टा असते, पाटलाची टर असते. त्या दिवशी कोणी कोणाचा राग धरायचा नाही असा रिवाज आहे. उकंडाजींच्या झडतीत सरकार असायचं. वर्षभरात गावात कोण आलं, कोण नुसतं 'येतो' म्हणालं, रेशनच्या तांदळात खडे किती, आमचा लाइनमन बिलाच्या दिवशी कसा जिवंत होतो आणि वादळाच्या दिवशी कसा मरतो, सगळं बैलांच्या साक्षीने निघायचं. पण नुसती टर नव्हे हं. दवाखान्याची सिस्टर बुधवार चुकवत नाही हे त्यांनी तीन हंगाम पाहिलं आणि मग एका पोळ्याला तिच्या नावाची झडती म्हटली. ती तेलुगू बाई. अर्धं समजलं, अर्धं नाही, पण पदर डोळ्याला लावून उभी राहिली. पुढे तिची बदली झाली तेव्हा ती झडती कोणाकडून तरी कागदावर लिहून घेऊन गेली.

मी तेव्हा विचारलं होतं, "आबाजी, एवढी स्तुती कशाला? पगार घेते ती."

"पोरी, ज्याले चांगल्याले चांगलं म्हनता येत नाही ना, त्यानं वाईट म्हटलं तं कुत्रं बी कान हालवत नाही."

त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. पुढारी भाषण करून जायचा आणि लोक मारुतीपाशी येऊन विचारायचे, "काऊन आबाजी, कसं वाटते?" ते म्हणायचे, "भरवसा म्हंजे कापसाचं बियानं हाये. पुडीवर बोंड लय मोठं असते. वावरात पाहा." झालं. गावाचं मत ठरायचं, किंवा ठरायचं थांबायचं.

मी वरच्या मोहल्ल्यातली. आमचा मोहल्ला टेकाडावर आहे आणि पाण्याला चढ आवडत नाही, एवढं सांगितलं की माझं सगळं बालपण सांगून झालं. खालच्या मोहल्ल्यातल्या विहिरीवरून पाण्याने भरलेल्या दोन गुंड्या डोक्यावर, एक कमरेवर. सकाळी तीन खेपा, संध्याकाळी दोन. माझ्या आईच्या टाळूवरचे केस झिजलेले आहेत, कधी दाखवीन. उकंडाजींचं घर आमच्याच भिंतीला लागून. त्यांची बायको, आमची पार्वताआजी, पाण्याची गुंडी घेऊन चढताना पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर म्हातारा स्वतः कावड घेऊन पाणी आणायचा. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. कोणी हसलं तर म्हणायचा, "हासा बाया हो, हासा. तुमच्या घरचा कधी येते ते सांगा."

मग गावात घरोघर नळ आले. वर्षभर खड्डे खोदून झाले, पाईप पडले, दारासमोर निळ्या रंगाच्या तोट्या उभ्या राहिल्या. आणि त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पाणी सोडून पाहिलं. वरच्या मोहल्ल्यात, टेकाडावर, आमच्या दारात पाणी आलं! चांगलं तासभर आलं. माझी आई तोटीला हात लावून नुसती उभी राहिली. पार्वताआजी काठी टेकत ओट्यापर्यंत आली, तांब्या भरला, तिथेच घोट घेतला आणि लहान पोरीसारखी खदखदून हसली. कोणीतरी फोटो काढला. मी उकंडाजींकडे पाहत होते. ते पाण्याकडे बघतच नव्हते, आजीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली त्यांनी आयुष्यभराचा नियम मोडला. तीन हंगाम सोडा, तीन दिवसही झाले नव्हते. मान वर करून म्हणाले:

डोईवरचा हंडा गेला, दारात आला नळ,
वरच्या मोहल्ल्यात म्हातारीले आलं हत्तीचं बळ.
ज्यानं आनलं त्याचं नाव घ्या, खोटं नाही बोलत मी,
पारबतीच्या तांब्यामंदी सरकार भरते पानी!

'हर बोला'चा असा दणका झाला की बैल बुजले. एका पुढाऱ्याच्या माणसाने ते सगळं फोनमध्ये घेतलं आणि संध्याकाळपर्यंत मंडलातल्या, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या, प्रत्येक फोनवर आमचे आबाजी गात होते. त्या हिवाळ्यात निवडणूक होती. वरच्या मोहल्ल्याने आधी ठरवलं होतं की या खेपेला मतदानालाच जायचं नाही. पण उकंडाजींनी म्हटलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. सगळे गेले, रांगेत उभे राहिले, बोटाला शाई लावून आले. मीही गेले. माझं ते पहिलं मत.

होळीच्या सुमारास तोटीतून नुसती हवा यायला लागली. फुस्स. आधी वाटलं मोटर बिघडली असेल. मग कळलं की मोटर ठणठणीत आहे. खालच्या तोट्या चालू असताना आमच्या टेकाडावर पाणी चढतच नाही, आणि ते कधीच चढलेलं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी खालच्या मोहल्ल्याचा वॉल, म्हणजे पाण्याची चावी, बंद करून सगळा जोर आमच्याकडे सोडला होता. एका तासापुरता! दाखवायला! श्रावणानंतर गावात पाण्याची ओढ नसते, विहिरी भरलेल्या असतात, खालच्यांनी तोट्या बंद ठेवल्या की थोडं वर यायचं, म्हणून मधल्या काळात नळ कधी यायचा, कधी नाही, आम्ही 'नवीन आहे, होईल सुरळीत' म्हणत बसलो. मूर्ख आम्ही!

माझी आई तोंडाची फटकळ. मी तिच्यावर गेले आहे असं म्हणतात. रिकामी गुंडी घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मामाजी, तुमच्या शब्दावर मत देल्लं. आता या गुंडीत तुमचा शब्द भरू काय?"

उकंडाजींनी कावड उचलली आणि खाली गेले. त्या दिवशी त्यांनी आधी आमच्या घरी पाणी आणून ओतलं, मग स्वतःच्या. आईला फार लागलं ते, पण शब्द परत घ्यायची आमच्याकडे रीत नाही. म्हटलं ना मघाशी.

पुढच्या पोळ्याला त्यांची जोडी, चांद्या आणि कोसा, नेहमीसारखी सजून आली. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घागरमाळा. तोरणापासून दहा पावलांवर त्यांनी कासरा ओढला. लोकांना वाटलं बैल अडला. तिथूनच, तोरणाच्या बाहेरून, त्यांनी सुरू केलं:

गावात एक म्हातारा, त्याची जीभ लांब,
नळ पाह्यला घटकाभर अन् म्हने, विहिरी थांब!
उन्हाया पाह्यल्याबिगर ज्यानं सरकारची केली पूजा,
तो खोटा मीच, उकंडा, नाव नाही दुजा.
जोवर वरच्या दारामंदी पान्याची नाही धार,
तोवर माही जोडी उभी तोरनाच्या भाएर!

'हर बोला' म्हणायला कोणाचंच तोंड उघडलं नाही. त्यांनी स्वतःच एकट्याने म्हटलं आणि बैल घराकडे वळवले. पोळ्याला तोरणाखालून न जाता बैल परत नेणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. अपशकुन, वर्षाचं वाटोळं! पाटील अंगावर धावून आले. "उकंड्या, गावाचा सण नासवून राह्यला काय?" हे शांतपणे म्हणाले, "सन नाही पाटील, मी माहा शब्द नासवला. तो पयले नीट करू द्या." घरी आल्यावर पार्वताआजीने बैलांना पुरणपोळी चारली आणि नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही.

मी तेव्हा डिग्री संपवून घरी बसले होते. सरकारी परीक्षांचा अभ्यास करत होते आणि सरकारवर माझा काडीचा भरवसा नव्हता. ही गंमत तेव्हा कळली नाही. मी त्यांना म्हटलं, "सोडा हो आबाजी. सगळे चोर आहेत. मी तर यापुढे मतच देणार नाही."

असे चिडले! तंबाखूची चंची जमिनीवर आपटली. "सगळे चोर म्हनते तो आळशी असते! कोन चोर हाये ते पाहाले उठून जावं लागते. तुले बसून राह्याचं हाये म्हून सगळे चोर. ऊठ! कागद आन. तुले तेलुगू लेहता येते ना?"

मला येत होतं. आमच्या घरांत मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत तेलुगू; अर्ज तेलुगूत नसला की टेबलावरून तसाच परत येतो. मी कागद घेऊन बसले. वाटलं, 'आम्हाला पाणी द्या' असं लिहायचं असेल. ते म्हणाले, "लेह. मी, उकंडा, पोयाच्या दिशी सरकारले चांगलं म्हटलं होतं. ते मले वापस पायजे."

"आबाजी, असा अर्ज नसतो."

"काऊन नसते? मी देल्लं ना? मंग मांगता बी येते."

मी कपाळावर हात मारला. पण लिहिलं. वर त्यांनी मला हेही लिहायला लावलं की नवी सिस्टरही बुधवारी येते आहे, शाळेत पोरांना अंडं मिळतं आहे, वीज पूर्वीपेक्षा बरी आहे. मी म्हटलं, "आपण तक्रार करून राह्यलो की आभार मानून राह्यलो?" ते म्हणाले, "जे झालं ते झालं म्हन. मंग नाही झालं त्याले नाही म्हनाचा हक्क येते."

सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज घेतात. आम्ही दोघं पहाटेच फाट्यावर जाऊन आदिलाबादची गाडी धरली. तिथल्या कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "हे कशात टाकू? पेन्शन, रेशन, जमीन, घर, पाणी?" मी म्हटलं, "पाण्यात टाक." उकंडाजींना मी भाषांतर करून सांगितलं, तर ते अडून बसले. "पानी मांगाले नाही आलो. शब्द मांगाले आलो. पानी तं तिचं काम हाये, ते तिनं करावं." शेवटी तिने हसत हसत 'इतर'मध्ये टाकलं. ते परतीच्या वाटेवर विचारत राहिले, "इतर म्हंजे काय वं?" मी सांगितलं, ज्याला दुसरीकडे जागा नाही ते. "मंग बरोबर हाये," म्हणाले.

हिवाळाभर, जमेल तसे, आठ-नऊ सोमवार आम्ही गेलो. प्रत्येक खेपेला तोच अर्ज, नवीन कागदावर. मुलगी आम्हाला ओळखायला लागली, पाणी द्यायला लागली प्यायला. मग एकदा पाण्याच्या खात्यातली एक तरुण इंजिनियर मॅडम आमच्याशी बोलायला बाहेर आली. हिंदीतच बोलली, फक्त 'ताता', म्हणजे आजोबा, तेवढं तेलुगू. "ताता, आपके गाँव का काम तो पूरा है. रेकॉर्ड में है." आणि फाइल उघडली. वर पार्वताआजीचा फोटो. तांब्या हातात, तोंडभर हसू. मग मॅडमने फोन काढला आणि लावलं ते गाणं: 'पारबतीच्या तांब्यामंदी सरकार भरते पानी.' "ये आपही हैं ना?"

कचेरीच्या त्या व्हरांड्यात, पंधरा-वीस माणसांसमोर, म्हातारा स्वतःची झडती ऐकत उभा राहिला. मला वाटलं धरणी दुभंगावी. मला वाटलं आता हे मान खाली घालून चालायला लागतील. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"हाँ बेटा, मैंच है. और देख, ये मैंने झूट नहीं बोला था. उस दिन पानी था. पर तू ये आज दिखाती, तो ये आज झूट होता. तेरी फाइल में मेरा आवाज झूट बोल रहा. इसलिए वापस माँगता." त्यांची हिंदी अशीच होती. मग मराठीत मला म्हणाले, "तिले सांग, माह्या बुढीचं हासू तिच्या कागदावर हाये. ते तं वापस देता येत नाही. निदान माहं बोलनं तं दे म्हना."

मॅडमने फोन बंद केला. म्हणाली, "मैं आऊँगी."

आणि ती खरंच आली, एका गुरुवारी सकाळी. पण ती येणार हे ठेकेदाराच्या माणसांना आधी कळलं होतं. ती वरच्या मोहल्ल्यात चढून आली आणि आमच्या तोट्यांतून धो-धो पाणी पडायला लागलं! बायका हंडे घेऊन धावल्या. आईने घरातलं ताटसुद्धा भरून ठेवलं. मला नाचावंसं वाटत होतं. भर चैत्र आणि दारात पाणी! मॅडमने तोटीकडे पाहिलं, उकंडाजींकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं: मग आठ-नऊ सोमवार काय चाललं होतं तुमचं?

त्यांनी गप्प राहायचं होतं. फक्त गप्प राहायचं होतं! ठेकेदाराचा माणूस हळूच येऊन म्हणालाही, "आबाजी, आठवड्यातून दोनदा असंच सोडू वर. बोलू नका." आठवड्यातून दोनदा म्हणजे आम्हाला दिवाळी होती.

उकंडाजींनी काठी उचलली आणि मॅडमला म्हणाले, "चलो बेटा, नीचे चलो." तिला घेऊन खालच्या मोहल्ल्यात उतरले आणि तिथल्या पहिल्या घराची तोटी उघडून दाखवली. फुस्स. दुसरी. फुस्स. मग वॉलच्या खड्ड्यापाशी नेलं आणि झाकण काठीने बाजूला सारलं. मॅडम वाकून बघत राहिली. ठेकेदाराचा माणूस एकाएकी दिसेनासा झाला. वॉल उघडला गेला, आणि वर आमच्या हंड्यातली धार बारीक होत होत बंद पडली.

त्या दिवशी वरच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी त्यांना काय काय शिव्या दिल्या ते मी लिहिणार नाही. आणि सगळ्यांत मोठ्याने मी ओरडले. "मिळालं होतं ना! दारात आलं होतं! काऊन बोलला तुमी? तुमच्या शब्दाच्या हट्टापायी माझ्या मायनं पुन्हा गुंडी उचलायची काय?" रडत होते मी. मला आजही त्या ओरडण्याची लाज वाटते, आणि तरीही वाटतं की ओरडायला मला हक्क होता.

ते ओट्यावर बसले. दमले होते. म्हणाले, "खालच्याच्या घशातलं काढून देल्लेलं पानी तू भरशीन काय रंजने? भर. मले नाही भरवत. एकदा त्याच पान्यावर मी गानं म्हटलं. आता पुन्हा त्याच पान्यावर चूप बसू?" मी पाय आपटत घरात गेले. दोन दिवस त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मॅडमने मात्र पाहिलं ते लिहिलं. तिने टेकाडावर वेगळी टाकी आणि वेगळी मोटर लागेल असा कागद वर पाठवला. कागद चालायला लागला, म्हणजे कागद चालतात त्या चालीने. दुसरा पोळा आला; उकंडाजी जोडी घेऊन तोरणाबाहेर उभे. तिसरा आला, पुन्हा बाहेर. तोवर गाव बदललं होतं. पोरं आधी चिडवायची, मग त्यांच्या शेजारी येऊन उभी राहायला लागली. तिसऱ्या पोळ्याला वरच्या मोहल्ल्याच्या चार जोड्या त्यांच्या मागे बाहेर थांबल्या. त्यांत माझ्या वडिलांची एक होती, आणि कासरा आईने धरला होता. आईचं शब्द परत घेणं ते एवढंच. बेल्लमपल्लीला दिलेली उकंडाजींची मुलगी म्हणायची, "बाबा, इकडे या राहाले, आमच्या क्वार्टरात चोवीस तास पानी हाये." ते म्हणायचे, "ते पानी तुयं हाये माय. माहं इथं अडकलं."

याच काळात मी परीक्षा पास झाले. नेरडीगोंडा मंडलातल्या एका गावाला पंचायत सेक्रेटरी म्हणून नेमणूक मिळाली. ऑर्डर घेऊन मी आधी त्यांच्याकडे धावले. पाया पडले. मनात होतं, आज तरी म्हणतील. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तीन हंगाम होऊ दे. मंग सांगतो."

मी हसले. त्यांना मिठी मारायचीच तेवढी राहिली, आमच्याकडे तशी पद्धत नाही म्हणून.

माझे दोन हंगाम झाले आणि वैशाखात ते गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. मी पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालायची चालली होती आणि पाणी खालच्या मोहल्ल्यातून येत होतं. खालच्या मोहल्ल्यातलीच माणसं आणत होती, रांग लावून, हातोहात. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. माझा तिसरा हंगाम त्यांनी पाहिला नाही. मी चांगली आहे की नाही, हे मला आता कोणी सांगणार नाही. सांगणारे पुष्कळ आहेत. पण ते सगळे पहिल्याच दिवशी सांगतात.

आषाढात टेकाडावरची टाकी सुरू झाली. वेगळी मोटर, वेगळी लाइन. वरही पाणी, खालीही पाणी, एकाच वेळी. पोळा आला तेव्हा गावाने ठरवलं की या वर्षी उकंडाजींची जोडी सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जोडीच्याही पुढे तोरणाखालून जाईल. पाटील स्वतः घरी येऊन सांगून गेले. चांद्या आणि कोसा माझ्या वडिलांकडे होते, त्यांनी सजवले. तोच पुढाऱ्याचा माणूस फोन धरून तयार होता. पार्वताआजी काठी टेकत बैलांच्या पुढे चालत आली, तोरणापासून दहा पावलांवर थांबली आणि वडिलांच्या हातावर हात ठेवला.

"थांब बाप्पा."

"काऊन आजी? पानी तं येऊन राह्यलं!"

"पावसायात तं नाल्याले बी पानी रायते," म्हातारी म्हणाली. मग त्या फोनवाल्याकडे वळली. "ठेव तो खिशात. माहं हासू एकदा नेलं तुमी."

जोडी परत फिरली. या खेपेला कोणी अपशकुन म्हटलं नाही.

हिवाळ्यात पाणी आलं. उन्हाळ्यातही आलं. मी दर रविवारी आईला फोन करून विचारायची, आई म्हणायची, "आलं, आलं, तू जेवली काय?" मग वैशाखात मोटर जळली आणि नऊ दिवस टाकी कोरडी राहिली. खात्याने दहाव्या दिवशी नवी मोटर बसवली. पूर्वी दोन महिने लागले असते, हे मी सेक्रेटरी म्हणून सांगते. आजीलाही मी ते सांगितलं. तिने मान डोलावली. "दहाव्या दिशी बसवली, चांगलं केलं. म्हनू तसं." आणि हंगाम पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

परवाच्या पोळ्याला मी रजा टाकून गेले होते. आम्ही दोघी तोरणाबाहेर उभ्या होतो, कोसाचा कासरा माझ्या हातात. आत झडत्या चालल्या होत्या. आजीने एकाएकी विचारलं, "रंजने, तू तिकडं हायेस त्या गावात नळ हाये ना?"

"आहे आजी. सगळीकडे आहे. कामं पूर्ण झाल्याच्या कागदावर मीच सही केली."

"शेवटच्या घरी बी येते?"

शेवटचं घर मला माहीत होतं. गावाच्या वर, चढाला, गोंडांच्या वस्तीच्या पलीकडे. मी तिथे एकदा गेले होते, श्रावणात.

"पाहून सांगते," मी म्हटलं.

"हं. असं म्हनावं," आजी म्हणाली.

आत तोरण तुटल्याचा गलका झाला, बैल उधळले, हलग्या कडाडल्या. आम्ही आमची जोडी घराकडे वळवली.